गावाकडच्या मुलांचा मोबाइल : आधी रात्र, मग दुपार

पडवी

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या किनाऱ्यावर पालकसभेत मुलांच्या मोबाइलचा विषय निघाला की बोलणं दोनच टोकांना जातं. एक म्हणतो काढून घ्या, दुसरा म्हणतो आता दिवसच तसे आहेत. या धाग्यावर नेमकं काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं आणि ते कुठे फसतं, एवढंच लिहूया. शहरातल्या पालकांसाठीचे सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत, कारण घराची घडी वेगळी आहे. बाप मुंबईला किंवा बोटीवर, आई मासळीबाजारात नाहीतर काजूच्या कारखान्यात, घरी आजी-आजोबा. फोन आजीच्या नावाने घेतलेला, रिचार्ज मुंबईहून बाप मारतो, आणि हातात सदान्कदा नववीतला नातू. मालक एक, पैसे भरणारा दुसरा, वापरणारा तिसरा. लक्ष कोणी ठेवायचं हे ठरलेलंच नसतं.

‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४च्या ग्रामीण अहवालात १४ ते १६ वयाची ८२ टक्क्यांहून जास्त मुलं स्मार्टफोन वापरू शकत होती. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. तेव्हा ‘अभ्यासासाठी दिलाय’ यावर विसंबून राहू नये, आणि ‘अभ्यास काही करतच नाहीत’ असंही म्हणू नये.

माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. बहुतेक घरांत सुरुवात पासवर्डपासून आणि अ‍ॅप उडवण्यापासून होते. ती रात्रीपासून व्हायला हवी. झोप सुधारली की चिडचिड कमी होते, सकाळची शाळा सुधारते, आणि मग बाकीचं बोलणं शक्य होतं. झोपमोड झालेल्या मुलाशी नियमांची चर्चा म्हणजे भांडणच.

झोपेचं गणित उलटीकडून मांडा. साडेसहाची एसटी पकडायची तर साडेपाचला उठणं आलं. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. म्हणजे नऊच्या सुमारास डोळा लागायला हवा आणि साडेआठला फोन हातातून सुटायला हवा. या वयात शरीराचं झोपेचं घड्याळ तसंही पुढे सरकलेलं असतं, त्यात डोळ्यांसमोरचा उजेड ते आणखी पुढे ढकलतो. सुरुवातीला दहा धरा, मग चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं मागे आणत जा. एकदम साडेआठवर आणलं तर मूल अंथरुणात तळमळतं आणि उठून फोन शोधतं.

घरातल्या सगळ्या फोनांची रात्रीची जागा एकच ठरवा, मोठ्यांच्या फोनांचीसुद्धा. स्वयंपाकघर किंवा आजी झोपते ती खोली. मुलाच्या खोलीतला चार्जर काढून तिथे आणा. गजराचं साधं घड्याळ त्याच दिवशी विकत आणा, नाहीतर दुसऱ्याच रात्री ‘गजर लावायचाय’ म्हणून फोन उशाशी परत येतो. बाप मासेमारीला जाणारा असेल आणि पहाटे तीनला तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचा, फोन येत असेल, तर त्याने उशाशी बटणांचा फोन ठेवावा.

पावसाळ्यात यात एक फट पडते. जून-जुलैत संध्याकाळी लाइट जाते ती रात्री अकराला येते, आणि ‘चार्जिंगला लावतो’ म्हणत मूल फोन घेऊन बसतं. म्हणून लाइट नसली तरी ठरल्या वेळी फोन चार्जरला जोडून त्या जागेवर ठेवायचा. लाइट येईल तेव्हा येईल.


केबलवाला

पडवी यांनी रात्रीपासून सुरुवात सांगितली, त्याला डेटाचंही कारण आहे. रोज दीड किंवा दोन जीबीच्या पॅकचा नवा डेटा रात्री बाराला सुरू होतो. संध्याकाळी डेटा संपलेली मुलं बारा वाजायची वाट बघत जागी राहतात. काही पॅकमध्ये तर रात्री १२ ते सकाळी ६ वापर मोजलाच जात नाही. मुंबईहून रिचार्ज मारणाऱ्याला हे माहीत नसतं, तो रुपये आणि दिवस बघून पॅक निवडतो. रात्रीचा मोकळा डेटा असलेला पॅक मुलाच्या नंबरावर टाकू नका.

दुसरी गोष्ट 5जीची. जिथे 5जी पोचलंय तिथे रोज दोन जीबीच्या आणि वरच्या बऱ्याच पॅकवर 5जी अमर्याद असतं, म्हणजे दिवसाची मर्यादा नावालाच राहते. फोनच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क, त्यात पसंतीचा नेटवर्क प्रकार, तिथे 4जी ठेवलं की वापर मोजणीत येतो. मात्र हे मूल दोन मिनिटांत परत बदलू शकतं. त्याच्याशी बोलून ठेवलं तरच टिकतं.

डेटा कमी केला म्हणजे वेळ कमी होतो, हाही गैरसमज आहे. ४८०च्या दर्जाला व्हिडिओ तासाला साधारण अर्धा जीबी खातो, १४४च्या दर्जाला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. मुलं दर्जा उतरवतात आणि दीड जीबीत दिवसभर बघतात. गेमला तर खेळताना डेटा फारसा लागतच नाही, जड असतं ते डाउनलोड आणि अपडेट. डेटा संपल्यावर ६४ केबीपीएसचा वेग उरतो, त्यात व्हिडिओ अडतो पण निरोप चालू राहतात. रीलवर कात्री लावायला डेटा थोडाफार उपयोगी पडतो, गेमवर अजिबात नाही.

घरात फायबर असेल तर रात्री राउटरचा अ‍ॅडॅप्टर काढून आजीच्या खोलीत ठेवणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. राउटरमध्ये शिरून मुलाच्या फोनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळखक्रमांक, अडवायला जाल तर ते फसेल, कारण अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक दाखवतो आणि तो बदलता येतो.

होमस्टेवाल्यांना विनंती. पाहुण्यांच्या वायफायचा पासवर्ड वर्षभर एकच आणि गावभर माहीत, असं बहुतेक ठिकाणी आहे. संध्याकाळी कुंपणाबाहेर गडग्यावर पाच-सहा मुलं बसलेली दिसतात ती त्यामुळेच. राउटरमध्ये पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं करा, पाहुणे बदलले की पासवर्ड बदला, रात्री अकरानंतर ते बंद राहील असं वेळापत्रक लावा.


आगर

एवढ्या भानगडी कशाला? दहावी होईपर्यंत फोन काढून घ्यावा, विषय संपला. आमच्या पिढीला कुठे फोन होता?


गुरुजी

आगर, तळमळ समजते, पण तडकाफडकी काढून घेण्याचे परिणाम शाळेत दिसतात. पोर्शन, सूचना, परीक्षेचं वेळापत्रक, सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येतं. फोन काढला की मूल मित्राच्या फोनवर जातं, तिथे कोणाचंच लक्ष नसतं. तिठ्यावरच्या टपरीत, एसटी स्टँडवर, नाहीतर रेंज मिळते म्हणून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर. जे घरात डोळ्यांसमोर होतं ते सड्यावर गेलं.

शाळांनी आपल्या बाजूने दोन गोष्टी कराव्यात. गृहपाठ फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्यावा, गटावर फक्त राहिलेल्यांसाठी टाकावा, आणि तोही संध्याकाळी सहाच्या आत. रात्री नऊला टाकलेला ‘उद्या प्रकल्प आणा’ हा निरोप घरातली अख्खी व्यवस्था मोडतो. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. ‘दीक्षा’ अ‍ॅपवरचे धडे उतरवून घेऊन नंतर नेटशिवाय बघता येतात. घरात जुना फोन पडलेला असेल तर तो फॅक्टरी रिसेट करून, सिम न घालता, पुस्तकं आणि धडे भरून अभ्यासाचा फोन करावा. त्यावर मुलाचा ईमेल आयडी टाकू नये, टाकला की प्ले स्टोअरवरून सगळं परत येतं.

यूट्यूब अभ्यासाला लागतंच. त्यावर जमणारा उपाय : सेटिंग्जमध्ये बघितल्याचा इतिहास पुसून थांबवून ठेवायचा. मग उघडल्यावर पहिल्या पानावर शिफारशींची रांग येत नाही, शोधलेलं आणि सबस्क्राइब केलेलंच मिळतं. ऑटोप्ले बंद. ‘बीजगणित’ शोधून बीजगणितच बघून बाहेर पडणं त्याने बरंच सोपं होतं.


पडवी

गुरुजींच्या म्हणण्यात भर. आगर, ज्या मुलाचा दिवसाचा सहा-सात तासांचा वापर आहे त्याचा फोन एका रात्रीत काढला तर पहिला आठवडा-दहा दिवस जोरदार चिडचिड होते. जेवण टाळणं, वस्तू फेकणं, क्वचित जिवाचं बरंवाईट करण्याची धमकी. ती धमकी नाटक समजू नका, कधीच नाही. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पालकांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो.

कमी करायचं ते मोजून. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग आणि पालक नियंत्रणे’ असतं. तिथे रोजचा वेळ, कोणत्या अ‍ॅपवर किती, किती वेळा फोन उघडला, हे सगळं दिसतं. पहिला आठवडा काही न बोलता फक्त मुलासोबत बसून आकडे वहीत लिहा. आकडे बघून पुष्कळ मुलं स्वतःच चपापतात, त्यांना तीन तास वाटत असतात तिथे सहा निघतात. आकडे कमी दिसले तर तीन ठिकाणी शोधा : आजीचा फोन, एकाच अ‍ॅपची दुसरी प्रत, आणि फोनमधलं दुसरं प्रोफाइल. शाओमीत त्याला सेकंड स्पेस म्हणतात, इतर काही फोनांत पाहुणा वापरकर्ता असतो.

मग दर चार-पाच दिवसांनी अर्धा तास कमी. परीक्षेच्या आठवड्यात सुरुवात करू नये. गेम असेल तर मिनिटं मोजू नका, मॅच मोजा. फ्री फायरची मॅच दहा-पंधरा मिनिटांची, बीजीएमआयची मोठी मॅच अर्ध्या तासाच्या आसपास. मध्येच ‘बंद कर’ म्हटलं तर गुण जातात आणि संघातल्या इतर मुलांच्या शिव्या पडतात. मुलाचा संताप पुष्कळदा त्या गोष्टींचा असतो, तुमच्यावरचा नव्हे. ‘ही शेवटची मॅच’ असं सुरू होण्याआधी सांगा, संपली की फोन जागेवर. स्नॅपचॅटच्या स्ट्रीकचंही तसंच. चोवीस तासांत देवाणघेवाण झाली नाही तर ती तुटते, आणि महिनोन्‌महिने जपलेली स्ट्रीक तुटणं त्या वयात मोठं वाटतं. रोजची दहा मिनिटं त्यासाठी द्या, भांडण वाचतं.

व्यसन आणि अतिवापर वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात २०२२पासून गेमिंगचा विकार आहे, मोबाइलचं व्यसन असा वेगळा आजार त्यात नाही. त्या विकाराच्या खुणा तीन : थांबणं हातात न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला वरचढ स्थान, आणि नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं. सहसा वर्षभर असं चाललं असेल तर तसं निदान होतं, तेही डॉक्टरच करतात. वाडीतल्या बहुतेक मुलांचा प्रकार अतिवापराचा असतो, त्यांना ‘व्यसनी’ म्हणून चारचौघांत हिणवू नका. शाळा सुटली, अंघोळ-जेवण सुटलं, घरातून पैसे जायला लागले, मूल खोलीबाहेरच येईना, यातलं काही दिसलं तर वाट न बघता जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. अलिबाग, रत्नागिरी, ओरोस, तिन्हीकडे जिल्हा रुग्णालय आहे. भुताटकी, नजर, देवस्की करण्यात महिने घालवू नयेत. पुष्कळदा खालून नैराश्य किंवा अभ्यासातली अडचण निघते आणि मोबाइल तिच्यावरचं पांघरूण असतो.


तिठा

गाऱ्हाणा घालूक माजी हरकत नाय, पण डॉक्टराक आधी दाखवा, मगे देवाक. पडवीन बरा लिवल्यान.


सुरंगी

मुलींबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. गावात मुलीचा फोन मुलाच्या आधी काढला जातो आणि कारणही विचारलं जात नाही. त्यामुळे मुली फोन लपवतात, चुलतबहिणीच्या नावावरचं खातं चालवतात. मग कोणी फोटो मागितला, फोटो बदलून धमकावलं, पैसे मागितले, तरी घरात सांगत नाहीत. सांगितलं तर पहिल्यांदा फोन जाणार आणि शाळाही जाईल, हे तिला पक्कं माहीत असतं. धमकावणारे याच भीतीवर जगतात.

म्हणून मुलीच्या हातात फोन देताना एक वचन शब्दांत द्या : काहीही घडलं आणि तू सांगितलंस, तर तुझा फोन काढून घेणार नाही आणि शाळा बंद करणार नाही. आणि ते पाळा. तसा प्रसंग आलाच तर पैसे द्यायचे नाहीत. संभाषण पुसायचं नाही, स्क्रीनशॉट घ्यायचे, त्यात समोरच्याचं खातं आणि वेळ दिसायला हवी. मगच खातं ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मूल अठराच्या आतलं असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहेच. पोलिसांकडे आई किंवा शिक्षिका सोबत असावी.

इन्स्टाग्रामचं : भारतात फेब्रुवारी २०२५पासून अठराच्या आतल्यांसाठी वेगळी किशोर खाती आहेत. खातं आपोआप खासगी राहतं, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात, तासाभराने थांबायची आठवण येते. सोळाच्या आतल्यांना यातली ढील पालकांच्या परवानगीशिवाय मिळत नाही. पण हे सगळं खात्यावरच्या जन्मसालावर चालतं, आणि मुलं साल खोटं टाकतात. खातं उघडून जन्मतारीख बघा. चुकीची असेल तर पहिलं काम ते.


आगर

सुरंगीताई, हे लक्षात आलं नव्हतं. काढून घ्या म्हणणं मागे घेतो. पण पैशांचं काय? आजीच्या फोनवरून यूपीआय होतं, पिन नातवालाच पाठ असतो.


केबलवाला

पिन नातवाला पाठ असणं हीच मुख्य गळती, कारण आजीला तोच पेन्शनची शिल्लक बघून देतो. आजीचं मोठं खातं यूपीआयला जोडूच नका. हजार-दोन हजार राहतील असं लहान खातं जोडा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते ती महिन्यातून एकदा उघडा, अनोळखी नाव दिसलं तर रद्द करा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रत्येक खरेदीला पडताळणी’ ठेवा, नाहीतर एकदा पासवर्ड टाकला की गेममधल्या डायमंडच्या पुढच्या खरेद्या न विचारता होतात.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम ऑगस्ट २०२५च्या कायद्याने देशभर बंद झालेत, रमीपासून फँटसी क्रिकेटपर्यंत. शिक्षा चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे मुलगा फसला असेल तर घाबरून लपवू नका, तक्रार करा. बंदीनंतर हे गेम टेलिग्रामवरच्या दुव्यातून फाइल बनून येतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अज्ञात अ‍ॅप इन्स्टॉल करा’ अशी जागा आहे, तिथे टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांपुढची परवानगी बंद करा. अशा फाइलींतून ओटीपी वाचणारे प्रोग्रामही शिरतात, तेव्हा हे मुलाच्या फोनपेक्षा आजीच्या फोनवर आधी करा.


रापण

रात्र झाली, आता दुपार. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचे तीन तास फोनने का भरतात, कारण त्या वेळी दुसरं काही उघडंच नसतं. शाळेला कुलूप, देवळाच्या सभामंडपाला कुलूप, ग्रामपंचायतीच्या वाचनालयाची किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही. वाडीने आधी किल्ली मिळवावी आणि आठवड्याचे तीन वार ठरवून एक मोठं माणूस तिथे बसेल असं करावं. रोज करायला गेलं तर पंधरवड्यात बंद पडतं, तीन वार टिकतात.

मोसम बघून ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैदान. व्हॉलीबॉलचं मैदान १८ बाय ९ मीटरचं, जाळं मुलांसाठी २.४३ मीटरवर, मुलींसाठी २.२४वर. लहान असतील तर आणखी खाली बांधा. सड्यावरच्या जांभ्यावर कबड्डी नको, गुडघे सोलवटून निघतात आणि दोन दिवसांत मुलं यायची थांबतात. त्यासाठी भात कापून मोकळं झालेलं मळ्याचं कुणगं बरं, ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून घ्यायचं. शिमग्याच्या आधी नमन-खेळ्यांच्या तालमी आहेतच, तिथे आठवी-नववीच्या मुलांना मृदंग आणि झांजेला बसवा, नुसतं बघायला नको. पावसात कॅरम, भजन, वाचनालय. जुलैच्या दमट हवेत कॅरमबोर्ड आडवा जमिनीवर ठेवला की फुगून वाकतो. खेळ झाला की पुसून उभा, भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवायचा. श्रावण लागला की गणपतीच्या चित्रशाळा मुलांनी भरलेल्या असतात, तेव्हा कोणाला सांगावं लागत नाही.

मच्छीमार वाड्यांना एक सोय आहे ती वापरली जात नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. बाप घरात असतो, वर्षात एवढा सलग कधीच नसतो. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. घरातला फोनचा नियम लावायचा तो त्या पंधरा दिवसांत, बाप घरी असताना. जाळी विणताना सोबत बसवावं. ऑगस्टात बोट पाण्यात गेली की मग फक्त चालू ठेवायचं उरतं. नवा नियम ऑगस्टात लावायला गेलात तर तो एकट्या आईच्या गळ्यात पडतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचा पायंडा पाडला. साडेआठला दुसरा भोंगा. आपल्याकडे करायचं तर दोन अडचणी आधीच धरा. घाटावरचं गाव एकवट असतं, आपल्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. एका भोंग्याचा आवाज खालच्या वाडीला जातो, वरच्या बौद्धवाडीला, धनगरवाडीला पोचतच नाही. वाडीवार वेगळी घंटा हवी, आणि कोणाच्या देवळाची घंटा कोणाला चालेल हेही सभेत मोकळेपणाने बोलून घ्यावं. शाळेची घंटा सगळ्यांना चालते. दुसरं, बंदराजवळच्या वाडीत सातला बोटी लागून लिलाव चालू असू शकतो, तेव्हा फोन लागतोच. तिथे वेळ आठ ते नऊ धरावी.


तिठा

सातच्या टायमाक घंटा वाजवशात तर पोरांपेक्षा मोठी माणसांच आड येतली, सिरियली त्याच टायमाक असतत. आधी त्येंचा काय करतलास ता सभेत ठरवा.


रापण

बरोबर. म्हणून महिलासभेत आधी मांडायचं, ग्रामसभेत नंतर. बायकांनी वेळ ठरवली तर चालते, पुरुषांनी ठरवून सांगितली तर चालत नाही. आणि कायमचं म्हणू नये, तीन महिन्यांचं म्हणावं. दंड लावू नये. दंड आला की घरं फुटतात आणि विषय भावकीच्या वादात जातो.


गोरेगाव-ते-गाव

मुंबईत राहणाऱ्या बापाने काय करावं? गणपतीला येताना मुलं नवा फोन मागतात आणि आपण लांब राहतो म्हणून नाही म्हणवत नाही.


पडवी

भाऊ, लांब राहणाऱ्या बापाच्या हातात तर सगळ्यात जास्त आहे, फक्त ते फोन देण्याआधी करायचं. खोका फोडून मुलाच्या हातात दिला की पुढे प्रत्येक गोष्ट मागून घ्यावी लागते. तेरा वर्षांवरच्या मुलाच्या आधीपासूनच्या गूगल खात्यावर देखरेख लावायला त्याचीही संमती लागते. नवा फोन मिळतोय त्या क्षणी ती सहज मिळते, सहा महिन्यांनी मिळत नाही. म्हणून मुंबईहून निघण्यापूर्वी मुलाला फोन लावून, त्याला सांगून, फॅमिली लिंक हे गूगलचं देखरेखीचं साधन जोडा. गावच्या आईला किंवा मोठ्या बहिणीलाही त्यात पालक म्हणून घ्या, कारण फक्त तुमच्याकडे असेल तर ‘अर्धा तास वाढवून द्या’ म्हणून तुम्हाला कामावर फोन येत राहणार. रात्रीची बंद वेळ लावा, फोन अ‍ॅप मात्र नेहमी चालू राहील असं ठेवा. गावच्या फोनला रेंज नसेल तर तुम्ही मुंबईहून केलेला बदल रेंज आल्यावरच लागू होतो. तातडीला फोन उघडून द्यायचा असेल तर फॅमिली लिंकमध्ये पालकांचा कोड मिळतो, तो फोनवरून तोंडी सांगता येतो, मुलाच्या फोनला नेट नसलं तरी चालतो.

संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलची वेळ रात्रीच्या बंद वेळेच्या आधी ठरवा. बाप दहाला कॉल करणार असेल तर साडेआठचा नियम बापानेच मोडला. कामाच्या पाळ्या तशा असतील तर तो कॉल आजीच्या फोनवर करा.

अटी कागदावर लिहा, आणि गणपतीच्या गडबडीत नको, गौरी-गणपती विसर्जन झाल्यावर निवांत बसून. रात्री फोन कुठे राहील, रिचार्ज कोणता आणि कोण करणार, पिन घरात आणखी कोणाला माहीत असेल, नवं अ‍ॅप कोणाला विचारून, नियम मोडला तर किती दिवस काय. मोडल्याची शिक्षा एक-दोन दिवसांपेक्षा जास्त नको, महिनाभराची शिक्षा आजी तिसऱ्या दिवशी मोडते. मुलाच्या बाजूचं एक तरी कलम त्यात असू द्या, जसं की रविवारी दुपारी दोन मॅच जास्त, किंवा आपले निरोप कोणी उघडून वाचणार नाही. सिम अठराच्या आतल्याला मिळत नाही, म्हणजे ते तुमच्या किंवा आईच्या नावावर येणार. घेताना आईच्या नावावर घ्या. सिम हरवलं, ब्लॉक करायचं झालं, तर दुकानात जाऊन आधार दाखवणारं माणूस गावात असायला हवं.


गोरेगाव-ते-गाव

आईच्या नावाने घेतो. राउटरचा अ‍ॅडॅप्टर आजीच्या खोलीत, हेही आजच घरी सांगतो. व्हिडिओ कॉल आठला.